तारेतला दोष: सभेच्या माइकचा थोडा इतिहास



माइकवर कोण काय बोललं याची इतिहासात रग्गड नोंद आहे. माइकच्या बुडातून जी वायर निघते आणि टेबलाखाली नाहीशी होते, तिच्याबद्दल मात्र कोणी चार ओळी लिहीत नाही. मी नेटवर्किंगवाला माणूस, त्यामुळे माझं लक्ष आधी टेबलाखालीच जातं. त्यातून गेली काही वर्षं मुक्काम एर्लांगेनला, म्हणजे न्यूरेंबर्गच्या अगदी शेजारी. तिथली सहाशे नंबरची कोर्टरूम दोन-तीनदा बघून झाली, पाहुणे आले की नेतोच. त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

२० नोव्हेंबर १९४५ ला त्या खोलीत नाझी पुढाऱ्यांवरचा खटला उभा राहिला. आरोपींच्या पिंजऱ्यात एकवीस माणसं. खटल्याच्या सनदेतच अट होती की आरोपीला समजेल अशा भाषेत खटला चालला पाहिजे, नाहीतर त्या भाषेत भाषांतर मिळालं पाहिजे. आरोपी जर्मन, न्यायाधीश इंग्रज, अमेरिकन, फ्रेंच आणि रशियन. म्हणजे चार भाषा. जुन्या पद्धतीनं करायचं तर एक जण बोलणार, मग दुभाषी उठून तेच दुसऱ्या भाषेत सांगणार, मग तिसऱ्या, मग चौथ्या. खटला चालला २१८ दिवस. साधा गुणाकार केला तरी पावणेनऊशे दिवस होतात. तेवढं थांबायची कोणाची तयारी नव्हती, आणि जर्मन आरोपींना काही कळलंच नाही असा डाग घेऊन निकाल द्यायचीही नव्हती. अख्ख्या खटल्याची न्याय्यता, थोडी अतिशयोक्ती करून सांगायची तर, एका वायरीवर टांगलेली होती.

ही वायर आली कुठून? तर त्याची गंमत अशी की त्यामागे बॉस्टनचा एक दुकानदार आहे. एडवर्ड फिलीन. कपड्यांचं मोठं दुकान चालवायचा आणि उरलेल्या वेळात जग सुधारायचा. हा माणूस १९०७ साली हिंदुस्थानात आला होता आणि बंगालमधल्या शेतकऱ्यांच्या सहकारी पतपेढ्या बघून इतका भारावला की परत जाऊन त्यानं अमेरिकेत क्रेडिट युनियनची चळवळ उभी केली. (अमेरिकेतल्या ज्या मंडळींचं कार लोन क्रेडिट युनियनचं आहे, त्यांनी ही नोंद घ्यावी.) याच फिलीनला १९२० च्या दशकात जिनिव्हाच्या परिषदांमधली ती भाषांतराची रांग असह्य झाली. त्यानं कल्पना मांडली की टेलिफोनचीच साधनं वापरा, दुभाष्याला भाषण चालू असतानाच बोलू द्या, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला रिसीव्हर लावा. गॉर्डन फिनले नावाच्या ब्रिटिश विद्युत अभियंत्यानं ते प्रत्यक्षात आणलं. १९२७ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ही व्यवस्था वापरली गेली. पुढे पेटंट आयबीएमकडे गेलं.

तीच यंत्रणा मोठी करून आयबीएमनं न्यूरेंबर्गला दिली, भाडं न घेता. इथे थोडं थांबून एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. आयबीएमच्या जर्मन उपकंपनीची पंचकार्ड यंत्रं १९३३ च्या जर्मन जनगणनेला वापरली गेली होती, आणि आयबीएमच्या वॉटसनसाहेबांनी १९३७ साली हिटलरच्या सरकारचं पदक स्वीकारलं होतं. १९४० साली परत केलं म्हणा. तर गुन्हेगारांच्या कानाला लावलेले हेडफोन आणि गुन्ह्याच्या काळातली कार्डं, दोन्हीवर नाव एकाच कंपनीचं. आपल्या धंद्यात 'आम्ही फक्त सिस्टिम देतो' हे वाक्य आपण सगळेच वापरतो, म्हणून सांगितलं. असो.

मांडणी अशी होती. माइक सहा: चार न्यायाधीशांसमोर, एक साक्षीदाराकडे, एक वकिलांच्या व्यासपीठावर. वाहिन्या पाच: पहिलीवर मूळ आवाज, मग इंग्रजी, रशियन, फ्रेंच, जर्मन. प्रत्येक खुर्चीला एक फिरवायचं बटण आणि हेडफोन. दुभाषी आरोपींच्या अगदी बाजूला, बुटक्या काचेच्या आडोशामागे. वरून उघडं, आवाज अडवणारी खोली वगैरे काही नाही. एका टेबलावर तिघे दुभाषी आणि त्यांच्यात एक माइक, तो या हातातून त्या हातात. वक्ता फार वेगात गेला की पिवळा दिवा लागायचा: हळू. लाल दिवा लागला की थांबा, काहीतरी बिघडलं आहे, मग ते दुभाष्याचं असो नाहीतर यंत्राचं.

आता तारांचा हिशेब करा. पाच वाहिन्या प्रत्येक खुर्चीपर्यंत न्यायच्या म्हणजे प्रत्येक खुर्चीखाली तारांची जुडी. जुन्या लाकडी कोर्टात घाईघाईनं बसवलेली यंत्रणा, तारा जमिनीवरून गेलेल्या. माणसं त्यात अडखळायची, आणि अडखळली की आवाज जायचा. यंत्रणा बंद पडली की न्यायालयाला कामकाज थांबवावं लागे, कारण सनदेतल्या अटीप्रमाणे भाषांतराशिवाय पुढे जाताच येत नव्हतं. वायर सोल्डर करणाऱ्या अमेरिकन सिग्नल कोअरच्या पोरांना हे किती जाणवत असेल माहीत नाही, पण त्यांच्या हातात न्यायाधीशांपेक्षा कमी जबाबदारी नव्हती.

खटला संपल्यावर ही पद्धत संयुक्त राष्ट्रसंघाकडे गेली आणि १९४७ साली सर्वसाधारण सभेच्या ठरावानं तिथली कायमची सेवा झाली. आपल्या लोकसभेत हिंदी-इंग्रजी असं एकाच वेळी भाषांतर सुरू झालं ते ७ सप्टेंबर १९६४ ला.

तोवर एक बदल हळूहळू होत गेला, आणि आमच्यासारख्यांची डोकेदुखी तिथून सुरू होते. न्यूरेंबर्गला माइक सहाच होते, त्यामुळे प्रत्येक माइकची स्वतंत्र वायर थेट अँप्लिफायरपर्यंत आणणं शक्य होतं. एक वायर तुटली तर एक माइक जायचा, बाकी शाबूत. पण टेबलाभोवतीच्या प्रत्येक सदस्यासमोर माइक हवा म्हटल्यावर चाळीस स्वतंत्र वायरी कोण ओढणार? मग साखळी आली. मध्यवर्ती युनिटमधून एक केबल पहिल्या माइकला, त्याच्यातून पुढे दुसऱ्याला, दुसऱ्यातून तिसऱ्याला. वीजही त्याच केबलमधून, आवाजही, आणि 'मला बोलायचंय' हा बटणाचा संकेतही. मांडायला अर्धा तास, गुंडाळायला पंधरा मिनिटं. पण मधली एक केबल गेली की तिच्यापुढचे सगळे मुके.

गणपतीतली दिव्यांची माळ आठवा. फरक एवढाच की जुन्या माळेत एक बल्ब उडाला की सगळी माळ अंधारात, कारण सगळे दिवे एकामागोमाग एकाच प्रवाहात जोडलेले असायचे. सभेच्या माइकची साखळी आतून तशी नसते. वीज सगळ्यांना समांतर मिळते, फक्त रस्ता एकमेकांच्या दारातून जातो. चाळीतल्या नळासारखं म्हणा. त्यामुळे केबल पूर्ण तुटली असेल तर काम सोपं आहे. दिवे बघत जा. शेवटचा जिवंत आणि पहिला मेलेला यांच्यामध्ये दोष. तिथे संशयित तीनच: जिवंत युनिटचं बाहेर जाणारं तोंड, मधली केबल, मेलेल्या युनिटचं आत येणारं तोंड.

खरा त्रास दुसऱ्या दोन प्रकारांचा. एक, एखादं युनिट आतून शॉर्ट होऊन सामाईक तारच खाली ओढतं. मग सगळीच साखळी बंद, दिवा कुठेच नाही, बघायला काही सुगावाच नाही. अशा वेळी एका टोकापासून एक-एक काढत बसणारे लोक मी पाहिलेत. त्यापेक्षा साखळी बरोबर मध्ये तोडावी. जवळचा अर्धा भाग जिवंत झाला तर दोष पलीकडच्या अर्ध्यात. मग तो अर्धा पुन्हा अर्धा करायचा. बत्तीस युनिटं असतील तर पाच वेळा तोडून गुन्हेगार सापडतो. डेटा स्ट्रक्चर्सच्या पेपरात आपण सगळ्यांनी बायनरी सर्च लिहिलाय, पण टेबलाखाली वाकल्यावर तो आठवत नाही हे खरं.

दुसरा प्रकार म्हणजे अधूनमधून येणारा दोष. याचं उदाहरण आमच्याच मंडळाचं. दोन वर्षांपूर्वी वार्षिक सभा होती आणि विषय नाजूक होता: रविवारची मराठी शाळा चालू ठेवायची की मुलं कमी झाली म्हणून बंद करायची. भाड्याच्या हॉलमध्ये टेबलावर चोवीस माइक मांडलेले. शाळा ज्यांनी सुरू केली त्या काकू पंधराव्या जागेवर. त्या बोलायला लागल्या की दोन वाक्यांत लाल कडं विझायचं. पुन्हा बटण, पुन्हा दोन वाक्यं, पुन्हा गप्प. सेक्रेटरींच्या पुढ्यात अध्यक्षांचं युनिट. त्यावर सगळ्यांचे माइक बंद करायचं बटण असतं, हे आता सगळ्यांना ठाऊक झालेलं.

काकू शेवटी उभ्या राहिल्या. "अहो, मी नको असेन तर सरळ सांगा ना. माइक कशाला बंद करता?"

"काकू, शप्पथ, मी हात लावलेला नाही," सेक्रेटरी म्हणाले. पण शाळा बंद करावी असं त्यांचं मत सगळ्यांना माहीत होतं. विश्वास कोण ठेवणार?

हॉलच्या तंत्रज्ञानं काकूंचं युनिट बदललं. तेच. दुसरं लावलं. तेच. मला हाक आली. मी त्याला म्हटलं, आता युनिटं बदलू नकोस. काढलेलं युनिट तिसऱ्या जागेवर लाव. तिथे ते ठणठणीत चाललं. या धंद्यातला हा सगळ्यात जुना नियम आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि दोष जागेवर राहिला की वस्तूबरोबर फिरला हे बघायचं. वस्तूबरोबर फिरला तर युनिट वाईट. जागेवर राहिला तर युनिट निर्दोष, केबलला धरा. चौदा आणि पंधराच्या मधली केबल प्लगच्या मानेपाशी हळूच वाकवली तर दिवा विझला, सरळ केली की लागला. टेबलाच्या पायाशी ती कडक वळवून कोंबलेली होती. काकू बोलताना टेबलावर हात टेकायच्या, टेबल हलायचं, आतली तार अर्धवट तुटलेली. केबल बदलली, काकू सलग बारा मिनिटं बोलल्या. ठराव कसा झाला ते मंडळाचं अंतर्गत प्रकरण आहे :-) पण मानेपाशी तुटलेली ती तार काकूंना दाखवल्यावर खोलीतलं तापमान उतरलं हे नक्की. केबल जवळपास नेहमी मानेपाशीच मरते, मध्यभागी क्वचित. शोधायला तिथूनच लागावं.

दिसत नाही अशा जागचा दोष शोधायची ही विद्या सभागृहात जन्मली नाही. ती समुद्राच्या तळाशी जन्मली. १८५८ च्या ऑगस्टमध्ये आयर्लंड ते न्यूफाउंडलंड अशी पहिली अटलांटिक केबल जोडली गेली. व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश जायला सुमारे सोळा तास लागले, आणि सप्टेंबर उजाडला तशी केबल निकामी झाली. तिच्यावरून जे थोडे कामाचे संदेश गेले त्यातला एक आपल्याशी जोडलेला आहे. १८५७ च्या उठावासाठी कॅनडातल्या दोन ब्रिटिश पलटणींना परत यायचा हुकूम सुटला होता. उठाव मोडला गेल्यावर त्यांना 'येऊ नका' हे केबलवरून कळवलं, आणि सरकारचे पन्नास हजार पौंड वाचले. केबलचा खर्च समर्थनीय ठरवायला पुढे हे उदाहरण हमखास दिलं जाई.

ती केबल मेली कशी यावर भांडण झालं. कंपनीचा वीजतज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस, पेशानं मूळचा डॉक्टर. संकेत क्षीण येतात म्हटल्यावर त्यानं मोठ्या इंडक्शन कॉइल लावून सुमारे दोन हजार व्होल्टचे धक्के केबलला दिले. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, उलट म्हणत होते: जोर कमी लावा आणि ऐकणारं यंत्र नाजूक करा. त्यांचा आरशाचा गॅल्व्हानोमीटर म्हणजे इवलासा आरसा, त्यामागे चिकटवलेले चुंबकाचे तुकडे, आणि भिंतीवरच्या पट्टीवर सरकणारा प्रकाशाचा ठिपका. सगळा दोष व्हाइटहाउसवर टाकणं मला पटत नाही. केबलच सदोष होती, तांब्याची तार आवरणात ठिकठिकाणी मध्यावर नव्हती. पण आजारी केबलला झटके देऊन त्यानं तिचा शेवट जवळ आणला, एवढं म्हणायला हरकत नाही. आवाज येत नाही म्हणून व्हॉल्यूम पूर्ण वर नेणारे त्याचे वारस आजही प्रत्येक कार्यक्रमात भेटतात.

या अपयशातून चौकशी समिती बसली, १८६१ साली अहवाल आला, आणि त्याच वर्षी विद्युतरोधाचं प्रमाण एकक ठरवायला ब्रिटिश असोसिएशननं समिती नेमली. आपला ओहम त्यातून पक्का झाला. दर मैलाला किती ओहम हे ठाऊक असेल तर किनाऱ्यावर बसून ओहम मोजायचे, भागाकार करायचा, आणि दोष किती मैलांवर ते सांगायचं. अडचण एकच: दोषाच्या जागी जो गळका सांधा असतो त्याचा स्वतःचा रोध मोजमापात मिसळतो आणि उत्तर चुकतं. त्यावर मरे आणि व्हार्ली यांच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या चाचण्या आल्या. शेजारची एक चांगली तार घ्यायची, लांबच्या टोकाला ती वाईट तारेला जोडून वेटोळं पूर्ण करायचं आणि ब्रिज लावून तोलायचं. बॅटरी अशा ठिकाणी येते की दोषाचा रोध तिच्या रस्त्यात जातो, तोलावर त्याचा परिणामच होत नाही. १८७० साली ग्रेट ईस्टर्न जहाजानं मुंबई ते एडन केबल टाकली आणि मुंबई समुद्रातून लंडनशी जोडली गेली, तोवर ही मोजणी रोजच्या कामाची झाली होती.

दुसऱ्या महायुद्धातल्या रडारनंतर त्याहून सोपी युक्ती आली. केबलमध्ये एक ठोका सोडायचा आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागतो ते बघायचं. नेहमीच्या केबलमध्ये ठोका प्रकाशाच्या साधारण दोन तृतीयांश वेगानं जातो, म्हणजे एका मायक्रोसेकंदानं प्रतिध्वनी आला तर दोष शंभर मीटरवर. मंडळाच्या वीस मीटरच्या टेबलाला याची गरज नाही, पण हॉलच्या भिंतीत गेलेल्या केबलला आहे.

ओहमवरून आठवलं. लांब साखळीत शेवटची युनिटं मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतात आणि लोक त्यांना वाईट ठरवून मोकळे होतात. आकडे बघा. अर्धा चौरस मिलिमीटरची तांब्याची तार मीटरला सुमारे ०.०३४ ओहम. जाऊन-येऊन दुप्पट. शंभर मीटरला जवळजवळ सात ओहम. शेवटच्या युनिटांनी मिळून एक अँपिअर ओढला की चोवीस व्होल्टमधले सात वाटेतच गेले. युनिटं चांगली, केबल चांगली, फक्त साखळी फार लांब. उपाय म्हणजे तिचे दोन फाटे करणं. तसंच २००० च्या दशकात माइकमधून येणारा तो 'टिड्-टिड्-टिड्' आवाज: दोष माइकचा नसायचा, शेजारी ठेवलेल्या जीएसएम फोनचा असायचा. तो फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा ठोके सोडतो आणि केबलचं जाळीदार कवच कुठे तुटलेलं असेल तर ते ठोके आत शिरतात. उलट तो आवाज ज्या माइकवर जास्त, तिथलं कवच तपासावं असा फुकटचा टेस्टरच तो.

माइक मेला की मारला, हा संशय मात्र ओहममीटरनं मोजता येत नाही. उत्तर प्रदेश विधानसभेत २१ ऑक्टोबर १९९७ ला आमदारांनी माइक उपटून एकमेकांवर फेकले, ते चित्र टीव्हीवर आपण पाहिलंय. संसदेत 'आमचा माइक बंद केला' ही तक्रार विरोधी बाकांवरून, मग ते बाक कुठल्याही पक्षाचे असोत, येत राहते. न्यूरेंबर्गचे ते दिवे मला म्हणून आवडतात. यंत्रणा थांबली हे लाल दिव्यानं वक्त्याच्या तोंडासमोरच दिसायचं. आमच्या मंडळाच्या त्या भाड्याच्या सेटवर मात्र अध्यक्षांनी बंद केलेला माइक आणि केबलनं बंद केलेला माइक दिसायला हुबेहूब सारखे. दोन्हीकडे कडं विझतं, बस. अध्यक्षांनी बंद केला तर लाल दिवा लुकलुकावा एवढी सोय असती तरी काकूंची शंका तिथेच फिटली असती.

आम्ही तेव्हापासून दोन गोष्टी केल्यात. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकच नंबर चिकटवला, आणि एक साधा टेस्टर बनवला: एका डबीत बॅटरी, दुसऱ्या डबीत प्रत्येक पिनेला एक एलईडी, मध्ये केबल लावून दोन्ही माना वाकवून बघायच्या. सभेच्या आदल्या दिवशी चोवीस केबल तपासायला वीस मिनिटं लागतात. गेल्या खेपेला दोन बाद निघाल्या. कोणाला आपल्या मंडळासाठी करायचा असेल तर सर्किटचा कागद पाठवतो. सगळा मिळून खर्च दोन पिझ्झांपेक्षा कमी.